मदरबोर्ड कंपन्या उरल्या चार. ओव्हरक्लॉकिंगवाल्यांचा फुकटचा वेग आता विकतचा

लग्नसराईत तालुक्याच्या गावातल्या फोटो स्टुडिओत रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटर चालू असतो. दिवसभराचं शूटिंग कापायचं, रंग सुधारायचे, गाणी लावायची आणि शेवटी पूर्ण व्हिडिओ बाहेर काढायचा. या शेवटच्या कामालाच तासन्‌तास जातात. मग ओळखीतला एखादा जाणकार पोरगा विचारतो, "मशीन ओव्हरक्लॉक करून देऊ का?"

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी हे काम बऱ्याचदा स्वस्तातल्या मशीनवरही व्हायचं. आज बऱ्याचदा उत्तर येतं, "तुमच्या बोर्डात ती सोयच नाही." सोय हवी असेल तर महाग प्रोसेसर घ्या, त्यासोबत महाग मदरबोर्डही घ्या. हा बदल एका दिवसात झाला नाही. मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्या एकेक करून कमी होत गेल्या, त्याच्याशी याचा थेट संबंध आहे.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप वाढवून घेतात, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. इंजिन तेच, पण ताकद जास्त. डिझेल जास्त जातं, इंजिन तापतं आणि बिघाड झाला तर कंपनी हात वर करते. ओव्हरक्लॉकिंगही तसंच. कंपनीने प्रोसेसरला जो वेग ठरवून दिला आहे, त्यापेक्षा जास्त वेगाने तो पळवायचा. त्यासाठी मदरबोर्डच्या बायोसमध्ये जाऊन वेग आणि व्होल्टेज वाढवावं लागतं.

म्हणजे प्रोसेसर एका कंपनीचा असला तरी वेग वाढवायचं बटण मदरबोर्डवाल्याच्या हातात असतं. ते बटण ग्राहकाला द्यायचं की नाही, हा सगळा विषय इथंच येतो.

चढाओढ होती तेव्हा

१९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आणला. किंमत सुमारे दीडशे डॉलर, वेग ३०० मेगाहर्ट्झ. हौशी लोकांच्या लक्षात आलं की बोर्डाचा मूळ वेग ६६ वरून १०० वर नेला की हीच चिप ४५० मेगाहर्ट्झवर पळते. त्यावेळी ४५० चा पेंटियम टू घ्यायचा तर साडेसहाशे डॉलरच्या वर मोजावे लागत. दीडपट वेग मिळायचा आणि वर पैसा लागत नव्हता.

हे सोपं झालं ते तैवानच्या अबिट कंपनीमुळे. आधी वेग बदलायचा तर कॅबिनेट उघडून बोर्डावरचे बारीक जंपर हलवावे लागत. अबिटने ती सेटिंग बायोसमध्ये आणली. कीबोर्डवरूनच काम व्हायला लागलं. १९९९ मध्ये याच कंपनीने बीपी ६ हा बोर्ड काढला, ज्यावर दोन स्वस्त सेलेरॉन एकत्र चालायचे. सेलेरॉन असा जोडीनं चालावा, ही इंटेलची योजना नव्हती. तरी बोर्ड बाजारात आला आणि गाजला.

अबिटने हे उदारपणाने केलं नाही. तेव्हा बाजारात असूस, गिगाबाइट, एमएसआय होत्याच, शिवाय अबिट, डीएफआय, इपॉक्स, सॉल्टेक, चेनटेक, सोयो अशा बऱ्याच कंपन्या होत्या. बोर्ड साधारण सारखेच. मग गिऱ्हाईक आपल्याकडे ओढायचं कसं? दुसऱ्याने दिलं नाही ते आपण द्यायचं. एकाने बायोसमध्ये सेटिंग दिली की दुसऱ्याला द्यावीच लागायची.

दुसरं म्हणजे बोर्डावरचा मुख्य चिपसेट विकणारेही बरेच होते. इंटेल सोडून व्हिया, एसआयएस, एएलआय आणि पुढे एनव्हिडिया. इंटेलशी पटलं नाही तर बोर्डवाल्याला दुसरं दार उघडं होतं.

एकेक दुकान बंद होत गेलं

२००८ च्या अखेरीस अबिटचा मदरबोर्डचा धंदा बंद झाला. डीएफआयचे लॅनपार्टी बोर्ड ओव्हरक्लॉकिंगवाल्यांचे लाडके होते. त्या कंपनीने हौशी ग्राहकाचा बाजार सोडला आणि कारखान्यांच्या यंत्रात लागणाऱ्या बोर्डांकडे वळली. इपॉक्स गेली. २०१३ च्या जानेवारीत खुद्द इंटेलने डेस्कटॉप मदरबोर्ड बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

चिपसेटचंही तेच झालं. इंटेल आणि एनव्हिडियाचा परवान्यावरून वाद कोर्टात गेला आणि एनव्हिडियाने इंटेलसाठी चिपसेट काढणं सोडलं. व्हिया, एसआयएस मागे पडल्या. आज घरगुती कॉम्प्युटरच्या प्रोसेसरसाठी दोनच नावं, इंटेल आणि एएमडी. चिपसेटही त्यांच्याच नावाचे.

बोर्डच्या बाजारात असूस, गिगाबाइट, एमएसआय आणि एएसरॉक या चार तैवानी कंपन्यांचंच वजन आहे. त्यातली एएसरॉकही २००२ साली असूसमधूनच निघालेली, नंतर वेगळी झालेली. बायोस्टारसारखी लहान नावं आहेत, पण बाजाराची दिशा चौघंच ठरवतात.

मग आलं 'लिंकिंग'

युरियाच्या गोणीसोबत नको असलेली दुसरी पिशवी गळ्यात मारणं, म्हणजे लिंकिंग. शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. कॉम्प्युटरच्या बाजारात जवळपास हेच घडलं.

२०११ च्या सुरुवातीला इंटेलची नवी पिढी आली. तिच्यात बोर्डाचा मूळ वेग वाढवायची जुनी वाट जवळजवळ बंद झाली. वेग वाढवायचा तर नावापुढे 'के' अक्षर असलेला महाग प्रोसेसर घ्या, आणि त्याला चालणारा वरच्या दर्जाचा चिपसेट असलेला बोर्डही घ्या. एकच घेऊन भागत नाही, जोडी लागते.

बोर्ड कंपन्यांनी हे कुंपण मोडायचा प्रयत्न केला नाही असं नाही. २०१५ च्या डिसेंबरमध्ये एएसरॉकने असं बायोस दिलं, ज्यामुळे 'के' नसलेले प्रोसेसरही जास्त वेगाने पळू लागले. स्वस्तात काम होतंय म्हटल्यावर हौशी लोक खूश झाले. पण फेब्रुवारी २०१६ पर्यंत नव्या बायोसमधून ती सोय गायब झाली. इंटेलने प्रोसेसरसाठी अपडेट दिलं आणि बोर्डवाल्यांनी ते आपल्या बायोसमध्ये घातलं.

इथंच फरक दिसतो. अबिटच्या काळात बोर्डवाल्याला चिपसेटसाठी दुसरं दार होतं. २०१६ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरसाठी चिपसेट फक्त इंटेलकडेच. ज्याच्याकडून माल घ्यायचा, त्याच्याशी वाकडं घेऊन धंदा कसा चालणार?

स्पर्धा आली की कुलूप सैल होतं

२०१७ मध्ये एएमडीने रायझन प्रोसेसर आणले. तेव्हा ही कंपनी मागे पडलेली होती आणि तिला गिऱ्हाईक हवं होतं. तिने रायझनचं कुलूप उघडं ठेवलं आणि मधल्या किमतीच्या बी ३५० बोर्डवरही ओव्हरक्लॉकिंगला परवानगी दिली. बंदी फक्त सगळ्यात स्वस्त ए ३२० वर होती. इंटेलनेही २०२१ मध्ये आपल्या मधल्या बी ५६० चिपसेटवर निदान रॅमचा वेग वाढवू दिला.

पुढे एएमडीचा जम बसला. मग २०२५ मध्ये तिनेच बी ८४० नावाचा चिपसेट आणला, ज्यात प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग बंद आहे. कंपनी कुठलीही असो, गिऱ्हाईक हातातून जायची भीती असली की सोयी देते. भीती कमी झाली की त्याच सोयीची किंमत लावते.

दुसरी बाजू

सगळं खापर कंपन्या कमी झाल्यावर फोडणं बरोबर नाही. आजचे प्रोसेसर स्वतःच गरजेप्रमाणे वेग वाढवतात. चिपमध्ये शिल्लक असलेली ताकद कंपनी आधीच वापरून टाकते. सेलेरॉनसारखा दीडपट वेग आता कुणालाच मिळत नाही. थोडीफार वाढ मिळते आणि वीज नि उष्णता मात्र बरीच वाढते.

पण यातूनच एक नवी अडचण आली. पूर्वी वेग आणि व्होल्टेज ग्राहक स्वतः वाढवायचा, जोखीमही त्याचीच. आता चार कंपन्यांमध्ये चढाओढ आहे ती चाचणीत आपला बोर्ड दोन आकडे पुढे दिसण्याची. त्यामुळे बोर्ड कारखान्यातूनच जास्त ताण देणाऱ्या सेटिंगवर येऊ लागले.

२०२३ मध्ये काही रायझन प्रोसेसर बोर्डावर जळाल्याच्या तक्रारी आल्या. एएमडीने त्यातल्या एका व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली आणि बोर्ड कंपन्यांनी नवीन बायोस दिले. २०२४ मध्ये इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे काही प्रोसेसर अस्थिर झाले. सुरुवातीला इंटेलने बोर्डांच्या सेटिंगकडे बोट दाखवलं. नंतर आपल्याच मायक्रोकोडमुळे जास्त व्होल्टेज जात असल्याचं मान्य केलं आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

म्हणजे ज्यांनी ओव्हरक्लॉकिंगचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांच्याही मशीनवर ताण आला. हौशी माणसाला मात्र उलटा नियम. त्याने स्वतः वेग वाढवला की वॉरंटी धोक्यात. इंटेल पूर्वी जास्तीचे पैसे घेऊन ओव्हरक्लॉकिंगसाठी वेगळं संरक्षण विकायची. २०२१ मध्ये तेही बंद झालं.

गावातल्या माणसाला काय?

खेळ म्हणून ओव्हरक्लॉकिंग करणारे मूठभर असतील. पण असेंबल्ड मशीनवर पोट असलेले स्टुडिओवाले, डीटीपीवाले, फ्लेक्सवाले प्रत्येक तालुक्यात आहेत. जुन्या मशीनमधून अजून दोन वर्षं काम काढणं ही त्यांची गरज आहे. ती वाट अरुंद झाली की नवीन मशीन घ्यावं लागतं, आणि नवीन मशीन म्हणजे पुन्हा कर्ज.

रॅमच्या बाजारातही आता हेच चित्र आहे. जगात मोठे उत्पादक तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचा आपला क्रुशियल ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण एआयच्या डेटा सेंटरला माल विकणं जास्त फायद्याचं आहे. रॅम महागली आहेच.

नवीन मशीन घेताना फक्त प्रोसेसरचं नाव बघून भागणार नाही. बिलावर मदरबोर्डचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्यावा. इंटेलमध्ये प्रोसेसरचं ओव्हरक्लॉकिंग 'झेड' मालिकेच्या बोर्डवर आणि 'के' प्रोसेसरवरच मिळतं. एएमडीमध्ये 'ए' मालिका आणि बी ८४० सोडून बहुतेक 'बी' आणि 'एक्स' बोर्डवर मिळतं. ज्याला ओव्हरक्लॉकिंग करायचंच नाही, त्याने झेड बोर्डासाठी जादा पैसे घालू नयेत. तेच पैसे रॅममध्ये किंवा एसएसडीमध्ये घालावेत, एडिटिंगला ते जास्त उपयोगी पडतात. आणि बायोस अपडेट करून द्यायला दुकानदाराला सांगावं. आधी अपडेट, मग वेग वाढवायचा विचार.

खताचं दुकान असो की कॉम्प्युटरचं, गावात एकच उरलं की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. मदरबोर्डच्या बाजारात चार उरलेत, आणि त्या चौघांना माल देणारे दोनच.