‘भारी’ म्हणजे जड नव्हे : एका न आलेल्या गाडीचा इतिहास

१/ मराठीत ‘भारी’ म्हणजे जड आणि ‘भारी’ म्हणजे उत्तमही. ‘हलके’ म्हणजे वजनाने कमी आणि हलके म्हणजे दर्जाने कमीही. हलक्या स्पोर्ट्स कारविषयी आपल्याकडचे गाडीशौकीन जे बोलतात, त्यातले निम्मे या दोन शब्दांच्या घोटाळ्यातून जन्मलेले आहे. आजचा धागा त्या घोटाळ्याविरुद्ध. किल्ले आणि लढाया यांची वाट पाहणाऱ्यांनी थोडा धीर धरावा. वरंधा घाट आणि पानिपत दोन्ही वाटेत लागणार आहेत.

२/ मार्च २०१७. जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात टाटा मोटर्सने ‘टामो’ या नव्या उपनाममुद्रेखाली ‘रेसमो’ नावाची दोन आसनी गाडी मांडली. आराखड्यावर कंपनीच्या इटलीतील तुरिनच्या अभिकल्प केंद्राचा हात होता. लांबी ३,८३५ मिलिमीटर, उंची अवघी १,२०८. आसनांच्या मागे, गाडीच्या मध्यावर १.२ लिटरचे तीन सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन. शक्ती १९० पीएस. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग सहा सेकंदांच्या आत, हा कंपनीचा दावा. ही गाडी विक्रीला कधीच आली नाही.

३/ तिची छायाचित्रे अजूनही समाजमाध्यमांवर फिरतात आणि त्यांखाली दोन ठराविक निकाल वाचायला मिळतात. पहिला तुच्छतेचा : तीन सिलिंडरची १.२ लिटरची गाडी ही कसली स्पोर्ट्स कार, हे तर टियागोचे इंजिन. दुसरा अभिमानाचा : भारताची पहिली स्पोर्ट्स कार जन्मण्याआधीच मारली. दोन्ही निकाल चूक आहेत. पहिल्याने गाडीचे वजन विचारले नाही, दुसऱ्याने तिच्या आधीचे काही विचारले नाही.

४/ आधी इंजिनाचे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. ‘लहान’ कोणाला म्हणायचे, तर जिची लांबी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत तिला. आता रेसमोची लांबी आणि इंजिनाचे आकारमान पुन्हा वाचा. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. भारतातील इंजिनाचा आकार हा अभियांत्रिकीइतकाच महसुली दस्तऐवज असतो. जमिनीचा सारा पाहिल्याशिवाय आपण पेशवाईतील गावाविषयी बोलत नाही. मग कराचा दर न पाहता इंजिनाला नावे का ठेवायची?

५/ आणि ‘टियागोचे इंजिन’ म्हणजे काय? कुळ तेच, रेव्होट्रॉनचे. पण टियागोत टर्बो नव्हता आणि शक्ती ८५ पीएस होती. रेसमोत ती १९०. एका घराण्यातले म्हणून दोन्ही पुरुष सारखेच पराक्रमी, असा निष्कर्ष कोणी वंशावळीवरून काढला तर आपण त्याला हसू.

६/ आता वजन. १९९६ साली विक्रीला आलेली ब्रिटनची लोटस एलिस घ्या. ॲल्युमिनियमचे साचेबद्ध पट्टे गोंदाने जोडून केलेली चासी, वजन सुमारे ७२५ किलो, शक्ती सुमारे ११८ अश्वशक्ती. शेजारी आपली डीसी अवंती ठेवा. २०१२ च्या दिल्लीतील ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रिया यांनी ती दाखवली तेव्हा शौकिनांनी तिला डोक्यावर घेतले होते. दोन लिटरचे टर्बो इंजिन, अडीचशेच्या आसपास अश्वशक्ती; वजन मात्र दीड टनाच्या पुढे. प्रतिटन हिशेब केला तर दोघीही दीडशे ते पावणेदोनशेच्या दरम्यान येतात. निम्म्याहून कमी शक्तीची एलिस अवंतीच्या खांद्याला खांदा लावते. माहितीपत्रकातला मोठा आकडा वाचून टाळ्या वाजवणाऱ्याला हा भागाकार कोणी शिकवलेला नसतो.

७/ बरे, भागाकार बरोबरीत सुटला म्हणून गाड्या सारख्या होत नाहीत. सरळ रस्त्यावर पळताना होतील एक वेळ. वळणावर आणि उतारावर हलकी गाडी पुढेच असते, कारण तिथे प्रश्न ढकलण्याचा नसतो, आवरण्याचा असतो.

८/ ज्याला हे पटत नसेल त्याने भोरहून महाडला जाणारा रस्ता डोळ्यांपुढे आणावा. नीरा-देवघरच्या जलाशयाच्या कडेकडेने रस्ता चढत जातो, कावळ्या किल्ल्याला चिरून पलीकडे निघतो, वाघजाईपाशी क्षणभर थबकतो आणि मग माझेरीकडे कोसळतो. पावसाळ्यात दरडींमुळे हाच घाट वारंवार बंद ठेवावा लागतो. या उतारावर २५० अश्वशक्तीला काय काम? काम असते ते ब्रेकना. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे त्याच वेगाला दुप्पट वजनाच्या गाडीचे ब्रेक दुप्पट उष्णता गिळतात, आणि तेही दर वळणाला.

९/ टायरचेही तसेच. टायरवरचा भार दुप्पट केला की पकड दुप्पट होत नाही, जरा कमीच वाढते. त्यामुळे जड गाडीला रुंद टायर लागतात, रुंद टायरना भक्कम सस्पेन्शन, त्याला मोठे ब्रेक, आणि या सगळ्याला ओढायला आणखी मोठे इंजिन. वजन वजनाला जन्म देते. हलक्या गाडीत हे चक्र उलटे फिरते; एक किलो काढला की त्याच्या आधारासाठी लागणारा आणखी काही भाग काढता येतो. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमन आयुष्यभर हेच करत राहिला. (घाटात वेगाने गाडी हाका, असे मी सांगत नाही. हलक्या गाडीची गंमत कायद्याच्या वेगातही मिळते, जड गाडीची त्या वेगात मिळत नाही. माझा मुद्दा नेमका तोच आहे.)

१०/ वजनाचा हा वाद आपल्याला नवा मुळीच नाही. १७६० मध्ये भाऊसाहेबांच्या फौजेत इब्राहिमखान गारद्याचा जड तोफखाना, कबिले, यात्रेकरू आणि बाजारबुणगे होते. बुणगे मागे ठेवून सडे व्हा, असा सल्ला मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांनी दिला होता. त्यावर अडीचशे वर्षे आपण भांडतो आहोत आणि अजून थकलेलो नाही. गंमत अशी की ‘सड्या’ फौजेची महती सांगणारे अनेक इतिहासप्रेमी गाडीकडे वळले की लगेच तोफखान्याच्या बाजूचे होतात! तुलना इथेच थांबवतो. गाडी म्हणजे फौज नव्हे, आणि ‘गनिमी काव्याची गाडी’ अशी पाटी रेसमोवर लावणाऱ्यांशीही माझे जमणार नाही.

११/ घोड्याची तुलना मात्र चालेल, कारण ती गाडी बनवणाऱ्यांनीच केली आहे. जपानच्या माझ्दाने १९८९ मध्ये एमएक्स-५ आणली : १.६ लिटर इंजिन, वजन टनाच्या आत. तिच्यामागची कल्पना त्यांनी ‘स्वार आणि घोडा एकजीव’ अशा अर्थाच्या जपानी शब्दांत मांडली. भीमेच्या खोऱ्यातल्या भीमथडी तट्टांची कीर्ती ऐकत वाढलेल्यांना ती समजावून सांगण्याची गरज पडू नये. तट्टू अरबी घोड्यापुढे ठेंगणे दिसते म्हणून त्याला ‘हलके’ म्हणणारा माणूस सह्याद्रीत घोड्यावर कधी बसलेला नसतो.

१२/ आता दुसरा निकाल : ‘भारताची पहिली स्पोर्ट्स कार’. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात सॅन मोटर्स ‘स्टॉर्म’ नावाची दोन आसनी, उघड्या टपाची गाडी बनवू लागली होती. बाह्यांग पत्र्याचे नव्हते, फायबरचे होते. इंजिन रेनोचे, ११४९ सीसीचे, शक्ती साठच्या आसपास अश्वशक्ती. ‘साठ? हसवता काय?’ हा शेरा मी पुष्कळदा वाचला आहे. शेरा मारणाऱ्याला हे माहीत नसते की त्या काळातल्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० ची शक्ती चाळिसाच्याही आत होती. साधने त्यांच्या काळात ठेवून वाचावीत, हा पहिल्या सत्राचा धडा आहे.

१३/ स्टॉर्म देखणी होती असे मी म्हणणार नाही. छायाचित्रांत तिचा पुढचा आणि मागचा भाग दोन निरनिराळ्या गाड्यांतून आणल्यासारखा भासतो. पण बाह्यांग हलके, इंजिन लहान आणि दोनच माणसे, हा विचार गोव्यात रेसमोच्या किमान पंधरा वर्षे आधी प्रत्यक्ष रस्त्यावर आला होता, लोकांनी पैसे मोजून तो विकत घेतला होता. ‘पहिली’ म्हणताना तो गिळून टाकायचा अधिकार कोणाला नाही.

१४/ त्याच्याही मागे जा. ऐंशीच्या दशकात बंगळूरच्या सिपानीने ब्रिटिश रिलायंट किटनवरून ‘डॉल्फिन’ बनवली. फायबरचे बाह्यांग, ८४८ सीसीचे इंजिन. शर्यतीतल्या मंडळींना तिचा हलकेपणा आवडला. सामान्य गिऱ्हाइकाला फायबरचा भरवसा वाटला नाही, आणि डिसेंबर १९८३ मध्ये पत्र्याची मारुती आल्यावर प्रश्नच मिटला.

१५/ गिऱ्हाइकाला तो भरवसा का वाटला नाही, हे उपहासाने सांगण्यासारखे नाही. भोर-वेल्ह्याच्या रस्त्यांवर ज्यांनी वडापने प्रवास केला आहे त्यांना ठाऊक आहे की गाडी म्हणजे दहा-बारा माणसे, दुधाचे कॅन, भाताचे पोते आणि कोणाची तरी कोंबडी. १९९४ ची टाटा सुमो अशा जगासाठी होती. सुमंत मुळगावकरांच्या नावा-आडनावाची आद्याक्षरे जोडून तिचे नाव केले, हेही आपल्याला माहीत आहे. जिथे एकच गाडी गावाचे ओझे वाहते तिथे ‘भारी’ हा गुणच ठरतो. त्या अनुभवातून आलेली आवड मला मान्य आहे. पण ज्या गाडीने ओझे वाहायचेच नाही, तिलाही त्याच काट्यावर तोलायचे, हे मान्य नाही.

१६/ रेसमोवर रास्त टीका करता येते आणि ती मी करतो. नसरापूर फाट्यावरून वेल्ह्याकडे वळल्यावर लागणारे गतिरोधक १,२०८ मिलिमीटर उंचीच्या, जमिनीलगतच्या गाडीची दया करणार नाहीत. तिचे दरवाजे वर उघडतात, ते प्रदर्शनातल्या व्यासपीठासाठी आहेत. त्यांची यंत्रणा म्हणजे आणखी वजन, आणि हलकेपणाची शपथ घेतलेल्या गाडीला ते शोभत नाही. मागचा भाग काळ्या प्लास्टिकने उगाच गजबजला आहे. मात्र प्रमाणबद्धता अस्सल आहे : इंजिन मध्यावर, नाक आखूड, मागची चाके पुढच्यांपेक्षा मोठी (१८ आणि १७ इंची). आणि ‘मोफ्लेक्स’ नावाच्या बहुपदार्थी रचनेचा हेतूच थोड्या संख्येत गाडी बनवता यावी हा होता. तिच्या आराखड्यातला सर्वांत धीट भाग हा, आणि त्याविषयी शौकिनांच्या चर्चेत एक ओळही सापडत नाही. सगळी शाई दरवाजांवर.

१७/ शेवटी साधनांचा प्रश्न, ज्यासाठी हा धागा लिहायला घेतला. रेसमो ‘फोर्झा होरायझन ३’ या खेळात आली होती. म्हणजे तिला पडद्यावर चालवणारे हजारो आहेत आणि रस्त्यावर चालवणारे गिऱ्हाईक एकही नाही. तिच्याविषयीची मते विपुल, अनुभव शून्य. स्टॉर्मचे नेमके उलटे : अनुभव असलेली माणसे आहेत, लिहिलेले फार थोडे. पन्नास वर्षांनी कोणी पश्चिम भारताच्या वाहनउद्योगाचा इतिहास लिहू लागेल तेव्हा त्याच्या हाती रेसमोच्या दरवाजांवरचे शेरे लागतील आणि गोव्याची गाडी तळटीपेतही नसेल. शौकिनांची मते अशीच, कोणी न तपासता, इतिहास होऊन बसतात.

१८/ म्हणून मागणे आहे. तुमच्या घरी, नात्यात, गोव्यात किंवा कोल्हापूर-बेळगावकडे कोणाकडे स्टॉर्म असेल किंवा होती, तिचे माहितीपत्रक, पावती, सुट्या भागांचे बिल, काहीही असेल, तर त्याचे स्वच्छ छायाचित्र काढा, तारीख वाचता येईल असे. ज्यांनी ती घडवली त्या कामगारांपैकी कोणी ओळखीचे असतील तर त्यांना इतकेच विचारा : फायबरचे बाह्यांग साच्यातून काढायला किती माणसे लागत आणि किती वेळ जाई? उत्तर मिळाले की इथे खाली लिहा. दरवाजांविषयीची मते कृपया नकोत.