निवडीचे स्वातंत्र्य कोणाला?

जून-जुलैत चिखली तालुक्यातील उंद्रीच्या शिवारात पेरणीची घाई असते, आणि नेमक्या त्याच दिवसांत शेतमजुराची बारावी उत्तीर्ण मुलगी पदवीच्या प्रवेश-अर्जापुढे बसते. मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली. इतके रकाने तिने भरावयाचे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्यार्थ्याला निवडीचे स्वातंत्र्य दिले, असा डांगोरा पिटला जातो. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झाले. या स्वातंत्र्याचा हिशेब आता मागितलाच पाहिजे.

खुला ऐच्छिक विषय मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा असावा, असा राज्याच्या आराखड्याचा दंडक आहे. ज्या महाविद्यालयात कला ही एकच शाखा, तेथे दुसरी शाखा आणावयाची कोठून? जेथे प्राध्यापकांच्या जागा रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर काम भागविले जाते, तेथे विषय विद्यार्थी निवडत नाही, वेळापत्रक निवडते.

आता ओझ्याचे पाहू. प्रथम वर्षाचे श्रेयांक ४० ते ४४, म्हणजे एका सत्रात २२ पर्यंत. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार वर्ग आणि स्वाध्याय मिळून एका श्रेयांकास ३० तास लागतात. २२ श्रेयांकांचे ६६० तास झाले. पंधरा आठवड्यांत विभागले तर आठवड्याला ४४. कारखान्यातील कामगारासाठी १९४८ च्या कायद्याने घातलेली मर्यादा ४८ तासांची होती! म्हणजे ही मुलगी जवळजवळ पूर्णवेळ कामगार झाली. त्यावर एसटीची वाट पाहणे, घरचे पाणी-सरपण आणि सोयाबीनची सोंगणी यांचे तास कोणत्या श्रेयांकात धरावयाचे?

कोणी म्हणेल, जुनी पद्धत तरी कुठे आदर्श होती? नव्हतीच. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला इतिहास शिकता यावा, हे तत्त्व आम्हांस मान्य आहे. आमचा आक्षेप साधनांवाचून दिलेल्या स्वातंत्र्याला आहे. ज्याच्यापाशी शिकवणी, संगणक आणि रिकामा वेळ आहे, त्याच्यासाठी ती निवड; इतरांसाठी ती फसवणूक. अशी मुलगी वर्षभरात थकून गेली, तर अटी पुऱ्या केल्यास तिच्या हाती प्रमाणपत्र पडेल. गळतीला ‘निर्गमनाची मुभा’ म्हटल्याने गळती थांबत नाही, तिची लाज तेवढी झाकली जाते.

म्हणून कार्यकर्त्यांनी केवळ निषेधाच्या ठरावावर थांबू नये. प्रवेशाच्या दिवसांत गावोगाव अर्जाशेजारी बसावे. कोणत्या विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहे, हे महाविद्यालयाने प्रवेशापूर्वी फलकावर लावावे. तासिका एसटीच्या वेळांशी जुळवाव्यात. रिक्त पदे भरावीत, अशा मागण्या लावून धराव्यात. अमरावतीचे विद्यापीठ संत गाडगेबाबांचे नाव मिरविते. भाकरी हातावर घेऊन खा, पण पोरांना शिकवा, असे बाबा कष्टकऱ्यांना सांगत. कष्टकऱ्यांनी ते ऐकले. आता ऐकण्याची पाळी शासनाची आहे.