चूल हवी, पण धूर कुठे जाणार?

शनिवारी सकाळी शहाडच्या पुलावरून मुरबाडकडे जाणाऱ्या गाड्यांत आपल्यापैकीही बरेच जण असतात. कुणी तिकडे छोटं शेतघर बांधलेलं असतं. अशा घरात जुन्या पद्धतीची चूल किंवा आजीच्या वेळचा तांब्याचा बंब बसवायची हौस हल्ली वाढली आहे. "डॉक्टर, महिन्यातून दोनदा चुलीवरची भाकरी खाल्ली तर काय बिघडतं?" असं रुग्ण विचारतात.

भाकरीने काही बिघडत नाही. प्रश्न धुराचा आहे. माझं मत स्पष्ट आहे : चूल जरूर बसवा, पण झोपायच्या खोलीत किंवा बंद न्हाणीघरात नको.

धुरात काय असतं?

लाकूड पूर्ण जळत नाही, तेव्हा त्यातून अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. ते थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात. आयुष्यात कधी बिडीला हात न लावलेल्या बायकांनाही चुलीच्या धुरामुळे सीओपीडी होतो, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, घरातल्या धुरामुळे २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

दुसरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. या वायूला रंग नाही, वास नाही. तो हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, चक्कर, मळमळ ही त्याची लक्षणं. झोपलेल्या माणसाला तीही कळत नाहीत. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी ९८ दाखवू शकतो, त्यावर विसंबू नका. लगेच मोकळ्या हवेत या आणि रुग्णालय गाठा.

बसवताना काय पाहाल?

१. जागा पडवीत किंवा परसात, दोन बाजूंनी उघडी असावी. बंबही तिथेच ठेवा आणि गरम पाणी बादलीने आत न्या.
२. छपराखाली चूल असेल तर धुराडं हवंच. त्याचं तोंड छपराच्या माथ्यापेक्षा दोन-तीन फूट वर काढा. पावसाळ्यानंतर काजळी आणि पक्ष्यांची घरटी साफ करा.
३. लाकूड वाळलेलं वापरा. ओलं लाकूड, रंगवलेलं प्लायवूड, प्लास्टिक किंवा टायरचे तुकडे कधीही जाळू नका.
४. थंडीत ऊब हवी म्हणून निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवून दारं लावू नका.
५. दमा, हृदयविकार असलेले, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं यांना चुलीपासून लांब बसवा.

आता शेवटचा मुद्दा, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तुमच्या चुलीपुढे बसतं कोण? बहुतेक ठिकाणी राखणदाराची बायको. तुम्ही दोन दिवस चव घेऊन परतता. ती मात्र तुमच्याकडचा धूर घेऊन घरी जाते आणि तिथे पुन्हा चूल पेटवते. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, घरोघरी सिलिंडर पोहोचले. पण तो पुन्हा भरून घेणं अनेकांना परवडत नाही. तेव्हा गवंडी बोलावलाच आहे, तर एक धुराडं तिच्याही घराला बसवून द्या. खर्च फार नाही आणि तिच्या फुफ्फुसांसाठी त्याहून चांगलं औषध माझ्याकडे नाही.