चालू झाला म्हणजे बरा झाला, असं नाही!



व्हिडिओत मी कॅबिनेट उघडून दाखवला. इथे फक्त माझं मत सांगतो, आणि ते जरा कडक आहे. कधी चालू होणारा, कधी न होणारा कॉम्प्युटर हा पूर्ण बंद पडलेल्या कॉम्प्युटरपेक्षा जास्त धोक्याचा.

पूर्ण बंद पडला की आपण लगेच मेकॅनिकला फोन लावतो. पण नुसता रुसणारा असला की काय करतो? चार वेळा बटण दाबतो, कॅबिनेटला एक थापटी मारतो, आणि सुरू झाला की बिलं करायला बसतो. मीही पंधरा दिवस हेच केलं. सोळाव्या दिवशी एसएमपीएस गेला आणि जाता जाता हार्ड डिस्कही घेऊन गेला. दुरुस्तीचा खर्च झेपला. पण ऐन आंब्याच्या सीझनची उधारी आठवून आठवून लिहावी लागली. आठवली तेवढी माझी, विसरली तेवढी गेली!

म्हणून माझा नियम एकच. रुसलेला कॉम्प्युटर सुरू झाला, की पहिलं काम बॅकअप. बिल नंतर, मेल नंतर. टॅलीचा डेटा, गिऱ्हाइकांची यादी, जीएसटीच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह काढून ठेवा.

मग दोष शोधा, स्वस्तातून महागाकडे. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळतच नाही.

पंखा, लाइट काहीच नाही? आधी बोर्डाचं सॉकेट आणि पॉवर केबल बदलून बघा. तरी नाही, तर बटण तपासा. मशीन बंद करून प्लग काढा, पॉवर बटणाची पिन काढून तिथे रीसेट बटणाची लावा. प्लग लावून रीसेट दाबल्यावर दरवेळी चालू झाला, तर दोष बटणाचा. नवा पीसी घ्यायची गरज नाही.

पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी? मॉनिटरची केबल बघा. मग प्लग काढून रॅम बाहेर काढा, तिचे सोनेरी पाय खोडरबराने हलके पुसा आणि परत नीट बसवा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत हे पाय लवकर काळवंडतात.

सकाळी उठत नाही, पण प्लग लावून थोडा वेळ ठेवला की उठतो? एसएमपीएसमधले कपॅसिटर थकल्याचा संशय घ्या. ओळखीच्याचा चांगला एसएमपीएस लावून खात्री करा. आपला मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.

तारीख सारखी मागे जाते? मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला असणार. दिसायला किरकोळ, पण चुकीच्या तारखेचं बिल जीएसटीत तापच देतं.

आणि रत्नागिरीकरांसाठी खास. पावसात लाईट गेली की बोर्डाचं बटण बंद करा. लाईट आल्यावर पाच मिनिटं थांबून मगच चालू करा. गणपतीत दुकान बंद असलं, तरी एक दिवसाआड अर्धा तास मशीन चालवा. आतली ओल थोडी तरी सुकते.

"नवीनच घ्या" हा सल्ला सोपा आहे, पण पैसे तुमचे जातात. मेकॅनिककडे जाताना एका कागदावर लिहून न्या : कधी उठला नाही, पंखा फिरला का, बीप आला का. नुसतं "चालत नाही" म्हणालात, तर तो अंदाजाने पार्ट बदलणार आणि त्या अंदाजाचं बिल तुम्ही भरणार.

आज तुमचा कॉम्प्युटर पहिल्याच दमात चालू झाला ना? मग बॅकअप आजच घ्या.