पाऊण डॉलरचं मैदान

गोल्फवर लिहायचं म्हटलं की आपलेच दोस्त हसतात. पोटाला नाही, डोक्यावर पत्रा नाही, अन् हा गोल्फवर लिहितोय! शेठलोकांचा खेळ तो. पांढरी पँट, पांढरी टोपी, अन् मागनं पिशवी वाहणारं कुणातरी गरिबाचं पोरगं. हसा, हसून घ्या. पण हा मजकूर शेठच्या क्लबाचा नाही. नगरपालिकेच्या गोल्फ मैदानाचा आहे. सरकारी पैशानं केलेलं मैदान, बागेसारखं, वाचनालयासारखं. तिकीट पंचाहत्तर सेंट, म्हणजे पाऊण डॉलर. यावं, पैसे टाकावेत, चेंडू बडवावा, घरी जावं. कागदावर असंच होतं.

अमेरिकेच्या दक्षिणेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरो नावाचं शहर आहे. तिथलं गिलेस्पी पार्क. मंदीच्या काळात बेकारांना काम द्यायला केंद्र सरकारनं जी सरकारी कामं काढली, त्या पैशाच्या मदतीनं 1941 च्या सुमारास हे अठरा होलांचं मैदान झालं. जमीन शहराची अन् शाळा मंडळाची. पैसा लोकांचा, अन् त्या लोकांत काळेही आले, कारण कर वसूल करणारा कधी कातडीचा रंग बघत नाही. खेळायला मात्र फक्त गोरे. काळा माणूस आत शिरणार तो गवत कापायला नाहीतर दुसऱ्याची पिशवी खांद्यावर टाकून.

1949 च्या सुमारास काळ्यांनी विचारलं, आम्हाला का नाही? आता नगरपालिकेची गंमत बघा. सार्वजनिक जागेवर 'काळ्यांना बंदी' म्हणायची पंचाईत व्हायला लागली होती. मग त्यांनी काय करावं? अख्खं मैदान एका 'क्लब'ला भाड्यानं देऊन टाकलं. भाडं किती? वर्षाला एक डॉलर. एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट पाऊण डॉलर, अन् अठरा होलांचं मैदान वर्षभरासाठी एका डॉलरला! च्यायला, इतका स्वस्त सौदा कुठल्या बाजारात होतो? आता हे खाजगी झालं म्हणाले. आता आमच्या सभासदांनाच प्रवेश.

अन् हे सभासदपणही कसलं? नंतर कोर्टात उघडं पडलं की सभासद नसलेला गोरा आला तर पैसे घेऊन त्याला बिनदिक्कत खेळायला सोडत. सभासदाचं कार्ड म्हणजे गोरी कातडी.

काळ्यांसाठी वेगळी सोय केली. नोको पार्क नावाचं नऊ होलांचं मैदान, शहराच्या मैला-पाण्याच्या केंद्राला लागून. घ्या, खेळा. हे वाचताना कुणाला परका देश वाटणार नाही. गाव कुठलंही असो, खालच्या अंगाला, नाल्याच्या कडेला कुणाला जागा देतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको. राजधानी वॉशिंग्टनमध्येही तेच. तिथल्या काळ्या खेळाडूंनी, त्यात 1937 साली स्वतःचा गोल्फ क्लब काढलेल्या काळ्या बायकाही होत्या, सरकारच्या मागं लागून 1939 साली लँग्स्टन नावाचं मैदान मिळवलं. मिळालं कुठं? जुन्या उकिरड्यावर.

आता 1955 साल. नोव्हेंबरच्या 7 तारखेला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं अटलांटा शहराच्या खटल्यात निकाल दिला की नगरपालिकेच्या गोल्फ मैदानावर काळ्यांना बंदी चालणार नाही. डिसेंबरच्या 1 तारखेला माँटगोमेरीत रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठली नाही. तिला सगळं जग ओळखतं. अन् बरोबर सहा दिवसांनी, 7 डिसेंबरला, ग्रीन्सबरोतले सहा काळे पुरुष गिलेस्पी पार्कच्या दारात गेले. त्यांना कोण ओळखतं?

त्यातला एक डॉक्टर जॉर्ज सिम्किन्स, दातांचा डॉक्टर. (दातांच्या डॉक्टरांचं अन् गोल्फचं काय नातं आहे कोण जाणे! गोल्फचा चेंडू ज्या खुंटीवर ठेवून मारतात, त्या लाकडी खुंटीचं पहिलं अमेरिकन पेटंट 1899 साली ज्यानं घेतलं तो जॉर्ज ग्रँट, तोही बोस्टनचा काळा दंतवैद्य. खुंटी काळ्याची, तिच्यावर चेंडू ठेवायचा हक्क गोऱ्याचा. व्यावसायिक गोल्फ खेळाडूंच्या संघटनेनं 1934 साली तर नियमातच लिहून टाकलं, सभासद गोराच हवा. ते कलम निघायला 1961 उजाडलं.)

तर सहाजण आत गेले. प्रत्येकानं पाऊण डॉलर टेबलावर ठेवला. तिथला माणूस म्हणाला, तुम्हाला खेळता येणार नाही. त्यांनी पैसे तिथंच ठेवले अन् सरळ मैदानावर जाऊन चेंडू मारायला लागले. मैदानाचा गोरा प्रमुख मागनं शिव्या देत आला. कशाला आलात इथं म्हणून त्यानं विचारलं, तेव्हा सिम्किन्सनं सांगितलं की एका कारणासाठी आलोय. कसलं डोंबलाचं कारण? तर, लोकशाहीचं.

त्याच दिवशी सहाहीजणांना अटक झाली. गुन्हा काय? दुसऱ्याच्या जागेत बेकायदा घुसले.

थांबा जरा इथं. स्वतःच्या कराच्या पैशातून झालेल्या मैदानावर, रोख पैसे मोजून गेलेला माणूस 'दुसऱ्याच्या जागेत' घुसला! ही भाषा आपण ऐकलेली आहे. महाडचं चवदार तळं आठवा. 1923 साली बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात पास झालेला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. पुढं महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांच्या मागोमाग आपली माणसं पाणी प्यायली, तर डोकी फुटली. मग सवर्णांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं. अन् एवढ्यानं भागलं नाही तेव्हा कोर्टात जाऊन काय सांगितलं? हे तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे. त्यांचं शेवटचं अपील हायकोर्टानं 1937 साली फेटाळलं. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षं. समुद्रापलीकडच्या गोऱ्याला महाड माहीत नव्हतं, अन् महाडच्या सवर्णाला ग्रीन्सबरो. तरी दोघांच्या वकिलांच्या तोंडी तेच वाक्य.

ग्रीन्सबरोत पुढं जे घडलं ते जास्त शिकवणारं आहे. सहाजणांना खालच्या कोर्टात शिक्षा झाली. त्यांनी उलटा दावा केंद्राच्या कोर्टात लावला, अन् 1957 साली जिंकला. जज्जानं सांगितलं, भाडेपट्टा करून शहराला आपली जबाबदारी झटकता येणार नाही, काळ्यांना खेळू द्या. वरच्या कोर्टानंही ते कायम केलं. अंमल व्हायला थोडे दिवस राहिले अन् मैदानावरचं क्लबहाऊस जळालं. पेटलं कसं, तुम्हीच विचार करा. शहरानं काय करावं? जळकी इमारत बांधायच्या ऐवजी मैदानच बंद केलं. गोऱ्यांनाही बंद.

ज्यांना वाटतं की माणूस फायद्यासाठीच दुसऱ्याला दाबतो, त्यांनी हे नीट वाचावं. इथं फायदा कुठं होता? गोऱ्यांचं स्वतःचं मैदान गेलं. पण काळ्यासोबत खेळण्यापेक्षा न खेळलेलं बरं. माँटगोमेरी शहरानं तर 1959 साली शहरातल्या सगळ्या बागाच बंद केल्या. आपल्याकडं विहीर बाटली म्हणून पाणीच टाकून देणारे आहेत, त्यातलाच हा प्रकार. फक्त वर्गाच्या हिशोबानं हे गणित सुटत नाही, हे आपल्या लाल झेंडेवाल्या मित्रांना किती वेळा सांगायचं?

इकडं फौजदारी खटला सुरूच होता. पहिली शिक्षा कागदातल्या चुकीनं रद्द झाली, तर परत खटला, परत शिक्षा. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. जून 1960. पाच विरुद्ध चार मतांनी सहाजण हरले! ज्या कोर्टानं अटलांटाचं मैदान खुलं केलं त्याच कोर्टात. का? तर केंद्राच्या कोर्टात जिंकल्याचा कागद वकिलांनी राज्याच्या कोर्टाच्या दप्तरात रीतसर लावला नव्हता. न्याय बाजूला, दप्तर पुढं. चौघा जज्जांनी, त्यात सरन्यायाधीश वॉरन, विरोधी मत दिलं. शेवटी गव्हर्नरनं शिक्षा सौम्य केली म्हणून तुरुंग चुकला. माफी म्हणजे गुन्हा कबूल धरून दाखवलेली दया, हेही विसरू नका.

सिम्किन्स गप्प बसला नाही. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या शहर शाखेचा तो अध्यक्ष झाला. मतदार नोंदवले, मतं जमवली, नगरपालिकेत माणसं बदलायला लावली. 7 डिसेंबर 1962 ला, बरोबर सात वर्षांनी, गिलेस्पी पार्क उघडलं. पहिला चेंडू सिम्किन्सनं मारला. मैदान मात्र नऊ होलांचं उरलं होतं. उरलेलं अर्धं गेलं ते गेलंच. आजही ते शहराचं सार्वजनिक मैदान आहे, अन् नऊच होलांचं आहे. तिथं आज खेळणाऱ्याला वाटत असेल की नऊ होलांचंच बांधलेलं असेल.

आता सुरुवातीला हसणाऱ्यांकडं येतो. त्यांचा प्रश्न साधा आहे. भाकरीआधी गोल्फ कशाला? खरं सांगायचं तर सिम्किन्स भुकेला नव्हता. डॉक्टर होता, चार पैसे बाळगून होता. त्याला खेळायचं होतं. सुट्टीच्या दिवशी हिरव्या गवतावर चालायचं होतं. यात लाजायचं काय? आपल्याला कायम सांगितलं गेलं की तुम्ही गरजेपुरतं मागा. पाणी मागा, पोटभर मागा, पण मजा मागू नका. मजा मागितली की 'माजले' म्हणतात. घोड्यावर बसलेला नवरदेव ह्यांना चालत नाही, मिशी ठेवलेली चालत नाही, चांगला शर्ट चालत नाही. घोड्यानं कुणाचं पोट भरतं? तरी त्या घोड्यापायी आजही दगड पडतात. तेव्हा खेळ ही क्षुल्लक गोष्ट आहे असं निदान त्यांना तरी वाटत नाही.

दुसरं उत्तर याहून रोकडं. गोल्फच्या मैदानावर सिम्किन्सला व्यवस्थेची कळ सापडली: पैसा सरकारी, पाटी खाजगी. हीच कळ त्यानं पुढं ग्रीन्सबरोच्या दोन इस्पितळांवर लावली. केंद्र सरकारच्या पैशानं इमारती वाढवायच्या अन् काळा रोगी, काळा डॉक्टर आला की आम्ही खाजगी म्हणून दार लावायचं. सिम्किन्सनं अन् त्याच्या जोडीच्या डॉक्टरांनी, रोग्यांनी 1962 साली दावा लावला. नोव्हेंबर 1963 मध्ये अपील कोर्टात जिंकला. सुप्रीम कोर्टानं 1964 साली त्यात हात घालायला नकार दिला, म्हणजे निकाल कायम. त्या निकालानं दक्षिणेतल्या कितीतरी इस्पितळांची दारं ढिली झाली. चेंडू बडवायला गेलेल्या माणसानं रोग्यांसाठी दार उघडलं. आता म्हणा गोल्फ कशाला म्हणून.

आमची पँथर 1972 साली निघाली तेव्हा नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. बंदूकवाले पँथर आम्हाला पाठ आहेत. पण टेबलावर पाऊण डॉलर ठेवून शिव्या ऐकत चेंडू मारणारे हे सहाजण आमच्या पोस्टरवर कधी आले नाहीत. यावेत.

अन् आता घरचं. मुंबईतल्या कित्येक जिमखान्यांच्या, क्लबांच्या पायाखालची जमीन सरकारी आहे, भाडेपट्ट्यावरची. आत कोण खेळतं अन् बाहेरच्या फुटपाथवर रबरी चेंडूचं क्रिकेट कोण खेळतं, ते रोज दिसतं. 'सभासदांसाठी' अशी पाटी असते. जात लिहिलेली नसते. ग्रीन्सबरोच्या भाडेपट्ट्यातही वर्ण लिहायची गरज पडली नव्हती.

माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. दहा रुपयांचा अर्ज. तुमच्या शहरात, तालुक्यात सार्वजनिक मैदानं, तलाव, सभागृहं कुणाला दिलीत, किती वर्षांसाठी, वर्षाचं भाडं किती, सभासद कोण करतं, फी किती, एवढं विचारा. कागद हातात आले की आमच्याकडं पाठवा. पुढच्या अंकात जसेच्या तसे छापू, भाड्याच्या आकड्यासकट.