घाट उतरण्याआधी ब्रेक पाहा

खुलताबादकडून दौलताबादचा घाट उतरून छत्रपती संभाजीनगरला येताना सायकल आपोआप पळते. मागे ४० लिटर दुधाची कॅन असली, तर नुसत्या दुधाचेच वजन ४१ किलो! तो सगळा रेटा दोन ब्रेकवर येतो.

म्हणून निघण्यापूर्वी एकेक ब्रेक घट्ट दाबून सायकल पुढे रेटून पाहा. चाक फिरले, तर रबर झिजले किंवा दांडी सैल झाली असे समजा. रबर बदला, नट आवळा. तेल चेनला घाला, रिमला लागू देऊ नका. लागलेच तर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे पुसा.

पावसात ओल्या लोखंडी रिमवर ब्रेक उशिरा धरतो. तेव्हा उतारावर सायकल हाती धरून पायीच चला. दूध थोडे उशिरा पोचले तरी चालेल; घरचे माणूस सुखरूप परतले पाहिजे.