स्वतःच्या मापाचा स्वेटर

विणकाम म्हणजे बायकांना घरात बांधून ठेवणारा दोर, असं आपल्यातल्याच काही मैत्रिणी अजूनही म्हणतात. बैठकीत पिशवीतून सुया निघाल्या की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. हा राग मला कळतो. बाईचा हात रिकामा राहिला तर घर बुडेल अशा थाटात पिढ्यान् पिढ्या मुलींच्या हाती सुई दिली गेली. पण माझं भांडण सुयांशी नाही. आपण कोणासाठी विणतो, कोणाच्या मापाने विणतो आणि त्या श्रमाचा हिशेब कोण ठेवतं, याच्याशी आहे.

कोणत्याही विणणाऱ्या बाईला विचारा. नवऱ्याची छाती किती, दिराची बाही किती, भाच्याचं डोकं गळ्यातून जाईल की नाही, सगळं तोंडपाठ. तुझी छाती किती, म्हटलं की ती हसते. तिच्या वाट्याला येतो उरलेल्या लोकरीचा, साडीवर घालायचा बिनबाह्यांचा स्वेटर. तोही अंगाबरोबर. कारण ढगळ घातलं की बाई गबाळी! पुरुषाचा ढगळ स्वेटर मात्र ऐटदार.

म्हणून मी यंदा स्वतःसाठी विणला, आणि मुद्दाम ऐसपैस. माझी छाती ३६ इंच, स्वेटर ४४ इंच. आठ नंबरच्या सुया, इंचाला पाच टाके, म्हणजे पुढे ११० आणि मागे ११०. मुंढा कापलाच नाही, पाठ-पोट सरळ चौकोनी. हात वर करून घोषणा दिली तरी कंबर उघडी पडत नाही. दोन खोल खिसेही आहेत. बायकांच्या कपड्यांना खिसे का नसतात, यावर एक वेगळा अंक निघेल!

रंग घेतले आमच्या साताऱ्याजवळच्या कास पठाराचे. २०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला, त्यात कासही आहे. पावसाळा सरताना तिथे फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते. खाली काळपट तांबूस जांभा, त्यावर मातीचा पातळ थर, आणि तेवढ्यावर सगळा फुलोरा. माझ्या स्वेटरची किनार जांभ्याची, वर गवताचा हिरवा, मग तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, आणि खांद्यावर गेंदाचे पांढरे ठिपके. (दुकानात जिला लोकर म्हणतात ती बहुधा ॲक्रिलिक असते. दख्खनी मेंढीची खरी लोकर घोंगडीला जाते, अंगाला टोचते.) टोपली कारवी मात्र मी घेतली नाही. ती कित्येक वर्षांतून एकदाच फुलते आणि मधल्या वर्षांत काय केलंस, असं तिला कोणी विचारत नाही. बाईला दुपारी अर्धा तास बसलेली पाहिली की लगेच विचारतात.

आता हिशेब. २६ इंच लांबी, इंचाला सात ओळी. नुसत्या पाठ-पोटाचेच चाळीस हजार टाके झाले. मिनिटाला पंचवीस धरले तरी २६ तासांहून जास्त. बाह्या, गळा, उसवणं, जोडणं वेगळंच. याला घरात 'फावल्या वेळातला छंद' म्हणतात. फावला वेळ कुठला? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २८९ मिनिटं निघाली, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. त्यातून उरलेल्या वेळातही ती दुसऱ्याच्याच मापाचं विणते.

आणि जी विकण्यासाठी विणते तिला काय मिळतं? गिऱ्हाईक लोकरीचे पैसे मोजून देतं, मजुरीला घासाघीस करतं: "बसल्या बसल्या तर करता!" घरी बसून काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखी वागणूक मिळावी म्हणून आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली करार केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. म्हणून सुया टाकून द्या असं मी म्हणत नाही. ऑर्डर घेताना लोकरीचा खर्च एका ओळीत आणि तासांची मजुरी दुसऱ्या ओळीत लिहा, आणि तो कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्या. गटातल्या सगळ्याजणींनी तासाचा दर एकच ठेवला, तर घासाघीस कोणाशी करणार?

पुढच्या शिबिराला मी सुया आणि मापाची टेप घेऊन येते आहे. पहिलं माप प्रत्येकीने स्वतःचं घ्यायचं, आणि त्यात आठ इंच मिळवायचे.